रियुनियनचे दोन दगड आणि आमच्या विहिरीचा एक

गणपतीला दोन दिवस असताना दादा जहाजावरून घरी आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, जहाजावर मोटरमन आहे. आमच्या खेड-दापोलीकडे वाडीगणिक एक तरी माणूस जहाजावर असतोच, आणि तो सुट्टीवर आला की त्याची बॅग कोण उघडणार यावरून पोरांची मारामारी ठरलेली. या वेळी बॅगेतून चॉकलेटं निघाली, टॉर्च निघाली आणि तळाशी पेपरात गुंडाळलेले दोन काळे दगड निघाले. आई म्हणाली, "लोकांची पोरं अत्तरं आणतात, आमच्याने धोंडे आणले. कोकणात काय कमी होते?"

दगड रियुनियन बेटावरचे. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी हे फ्रान्सचं बेट आहे. आकाराने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं लहानच, पण उभं असं की मधोमध ३,०७० मीटरचं शिखर. दादाचं तिथल्या बंदरात साइन-ऑफ झालं, म्हणजे जहाजावरची पाळी संपली, विमान तीन दिवसांनी होतं, आणि नुसतं लोळत पडायचा त्याचा स्वभाव नाही. एक दिवस बसने बेट फिरला आणि उरलेल्या दोन दिवसांत ते शिखर चढून आला. शिखराचं नाव पितों दे नेज, म्हणजे बर्फाचं शिखर. बर्फ तिथे क्वचितच दिसतो. डोंगर मात्र निद्रिस्त ज्वालामुखी आहे.

चहा पिता पिता दादाने मला विचारलं, "आपला सह्याद्रीपण ज्वालामुखीच ना रे? मग तो झोपलाय की मेलाय?"

प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. मी मागच्या परड्यात गेलो. तिथे गेल्या उन्हाळ्यात खोदलेल्या विहिरीचा माल अजून पडलाय. वरून जांभा, मग मऊ चिकट माती आणि शेवटी सुरुंग लावून काढलेला काळा कातळ. त्यातला मुठीएवढा तुकडा आणून दादाच्या दोन दगडांशेजारी ठेवला.

आता तिन्ही दगड नीट बघा. रंग तिघांचा काळा-करडा. तिन्हींत भोकं आहेत, मसुराएवढी, क्वचित वाटाण्याएवढी. दादाचा पहिला दगड खडबडीत, हातात घेतला तर बोट सोलेल असा, आणि त्याची भोकं साफ रिकामी. उन्हात धरला तर आत काचेसारखी चमक दिसते. दुसरा दगड गोटा आहे, नदीने घासलेला. त्याची काही भोकं रिकामी, काहींच्या आतून पांढुरका लेप बसलेला. आमच्या विहिरीच्या दगडाची भोकं मात्र गच्च भरलेली, काळ्या दगडावर साबुदाणा पेरावा तसे पांढरे ठिपके.

भोकं म्हणजे वायूचे बुडबुडे. लाव्हा वर येताना त्यात विरघळलेली वाफ आणि वायू सुटू लागतात, आणि ते बाहेर पडायच्या आत लाव्हा थिजला की बुडबुड्याची जागा कोरली जाते. मग त्या दगडातून हजारो-लाखो वर्षं गरम, क्षारयुक्त पाणी झिरपतं आणि पोकळीत पांढरी खनिजं साठत जातात. त्यांना झिओलाइट म्हणतात. पुणे-नाशिककडच्या खाणींत या पोकळ्या मोठ्या सापडतात आणि आतले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेलेत. आमच्या विहिरीत मिळाले ते साबुदाण्याएवढेच. पण हिशोब ढोबळमानाने असा मांडता येतो: भोकं रिकामी तर दगड ताजा, भरलेली तर जुना. दादाने आणलेला खडबडीत दगड त्याच बेटावरच्या दुसऱ्या, जाग्या डोंगराच्या २००७ च्या उद्रेकातला. गोटा पितों दे नेजचा, काही लाख वर्षांपूर्वीचा. आणि आमच्या विहिरीचा साडेसहा कोटी वर्षांपलीकडचा.

म्हणजे जागा, झोपलेला आणि मेलेला असे तीन ज्वालामुखी ओटीवर मांडून ठेवले होते, आणि पोरं त्यावर फटाक्याच्या टिकल्या फोडायच्या विचारात होती.

या तीन शब्दांविषयी आधी थोडं. जागृत, निद्रिस्त, मृत ही वर्गवारी आपण शाळेत पाठ करतो, पण तिच्यामागे काटेकोर नियम नाही. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत जो फुटला तो जागृत समजायचा, असा साधारण संकेत आहे. डोंगराचं आयुष्य लाखो वर्षांचं, त्यात दहा हजार म्हणजे दुपारची डुलकी. पितों दे नेज दहा हजारांहून जास्त वर्षं गप्प आहे, म्हणून निद्रिस्त. पण त्याच्या पोटाखाली बारीक भूकंप नोंदले जातात आणि पायथ्याशी सिलाओस गावात गरम पाण्याचे झरे आहेत. चूल विझलीय असं वाटतं, पण राख सारली की निखारा दिसतो, त्यातला प्रकार.

आता मूळ प्रश्न. दगड वितळतोच कसा?

आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की पृथ्वीचं कवच म्हणजे नारळाची करवंटी आणि आत सगळा लाल रस खदखदतोय. करवंटी तडकली की रस बाहेर. हे चित्र चुकीचं आहे. कवचाखाली जवळजवळ २,९०० किलोमीटर जाडीचा जो थर आहे, ज्याला प्रावरण म्हणतात, तो घनच आहे. अतिशय तापलेला, पण घन. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात तो मेणासारखा हळूहळू सरकतो एवढंच.

मग रस येतो कुठून? इथे प्रेशर कुकर आठवा. कुकरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर, सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापतं, तरी दाबामुळे पाणीच राहतं. दाब गेला की त्याच तापमानाला ते भसकन उकळतं. नवीन काही आच द्यावी लागत नाही. खोल दगडाचंही तसंच आहे, फक्त तिथे पाण्याची वाफ होण्याऐवजी घनाचा द्रव होतो. खोलवर तो प्रचंड दाबाखाली असतो, म्हणून तापूनही वितळत नाही. तोच दगड वर सरकला की दाब कमी होतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. दगडाला पाझर फुटतो म्हणा. हा वितळलेला भाग हलका असल्याने आणखी वर चढतो आणि फट मिळाली की जमिनीवर येतो.

खोलातून असा तापलेला दगड खांबासारखा वर येत राहतो, अशा पृथ्वीवर काही जागा आहेत. त्यांना तप्तबिंदू म्हणतात. रियुनियन तसल्याच एका खांबावर बसलंय.

आणि दादाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच दडलंय. हा खांब साधारण जागेवर राहतो, पण त्याच्यावरचं कवच सरकत असतं. पेटत्या समईवरून जाड कागद हळूहळू सरकवला तर कागदावर काळ्या डागांची रांग उमटेल. ज्योत एकच, डाग अनेक, आणि सर्वांत जुना डाग ज्योतीपासून सर्वांत लांब. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या ज्योतीवर आपण होतो. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि वर्षाला १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने उत्तरेकडे धावत होता. आता तो वेग पाचेक सेंटिमीटरवर आलाय, आशियाला धडकल्यावर दुसरं काय होणार.

डागांची रांग आजही मोजता येते. महाराष्ट्र, मग लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. लक्षद्वीप-मालदीव आपल्याला पोवळ्याची बेटं म्हणून माहीत आहेत. पण पोवळं वरचं लिंपण आहे, खाली जोतं ज्वालामुखीच्या दगडाचं. १९८७ मध्ये एका संशोधन-जहाजाने या रांगेवर समुद्रतळाला भोकं पाडून दगड वर काढले. मालदीवजवळचा निघाला साधारण साडेपाच-सहा कोटी वर्षांचा, चागोसजवळचा पाच कोटींच्या आसपासचा. मॉरिशस ८०-९० लाखांचं आणि रियुनियन त्याहून पोरसवदा. ओळीने वय उतरत जातं. या खांबाच्या गोष्टीवर सगळ्याच भूशास्त्रज्ञांचं एकमत नाही, काहींना कवचाच्या ताणानेच सगळं उलगडतं असं वाटतं. मला स्वतःला ही उतरती वयं बघितल्यावर समईच पटते.

आज मुंबई ते रियुनियन अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एका चुलीवरून उठून गेलेल्याला एवढं लांब जायला तेवढी वर्षं लागली.

मग एकाच चुलीवर तिथे उंच डोंगर झाला आणि आपल्याकडे पठार, हे कसं? इथे आपल्या घरातली दूध उतू जायची तऱ्हा लक्षात घ्या. खांब पहिल्यांदा वर आला तेव्हा त्याचा माथा अगडबंब होता. दूध एकदम उतू गेलं. जमिनीला लांबच लांब चिरा पडल्या आणि त्यांतून लाव्हा नुसता सांडला. शंकूसारखा डोंगर, वर विवर, असलं काही झालंच नाही. बहुतेक सांडणं दहा लाख वर्षांच्या आत उरकलं. आजही या दगडाखाली सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन आहे, अख्खा महाराष्ट्र तीन लाखांच्या थोडा वर आहे हे लक्षात घेऊन बघा. काही प्रवाह तर पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत, हजारेक किलोमीटर गेले. लाव्हा इतका दूर जातो कारण बेसाल्टचा, म्हणजे आपल्या या काळ्या कातळाचा, लाव्हा पातळ असतो, काकवीसारखा. चिकट लाव्हा चिकट गुळासारखा तोंडातच अडकतो, वायू कोंडतात आणि मग स्फोट होतो. पातळ लाव्हा वाहून मोकळा होतो.

उतू जाणं संपल्यावर मागे राहिला तो खांबाचा बारीक दांडा. मंद आचेवर एकेका जागी बुडबुडे फुटत राहावेत तसा तो तेव्हापासून समुद्रात एकेक बेट उभं करत आला. रियुनियन हा त्यातला सर्वांत अलीकडचा बुडबुडा, समुद्रतळापासून मोजला तर सुमारे ७,००० मीटर उंचीचा.

त्याच काळात डायनोसॉर संपले, हे तुम्हाला आठवलं असेलच. मेक्सिकोत पडलेली उल्का की आपला लाव्हा, हा वाद जुना आहे. उल्केचं पारडं जड आहे, एवढं सांगून पुढे जातो.

सह्याद्रीत विवर नाही, पण चिरा दिसतात. ज्या फटींतून लाव्हा वर आला त्यांतच शेवटचा थोडा अडकून थिजला. भोवतालचा दगड झिजला की तो उभ्या भिंतीसारखा उरतो. कोकणात अशा भिंती किती आहेत! नदीच्या पात्रात, पुळणीवर ओहोटीला, सरळ ओळीत काळा बांध घातल्यासारख्या. मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या अशा भिंतींवर तर भूशास्त्रज्ञांनी बरंच काम केलंय, कारण त्यांतल्या काहींनी खोल प्रावरणातले दगडाचे तुकडे जसेच्या तसे वर आणलेत. आमच्या नदीतल्या बांधाला गावात पांडवांचा बांध म्हणतात. एका रात्रीत बांधायला घेतला, कोंबडा आरवला, अर्धवट राहिला. लाव्हालाही एका रात्रीहून फार वेळ लागला नसेल म्हणा.

आणि थर बघायचे तर पोलादपूरला महाबळेश्वरची एसटी पकडा, डावी-उजवी कुठलीही खिडकी चालेल. आंबेनळी घाटात गाडी चढते ती खरं तर जिना चढते. एकावर एक लाव्ह्याचे थर, आंबोळीवर आंबोळी रचावी तसे. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या गटांना आपल्याच गावांची नावं दिली आहेत. खाली पोलादपूर, त्यावर आंबेनळी, माथ्यावर महाबळेश्वर. जगातल्या कुठल्याही विद्यापीठात दख्खनच्या लाव्ह्यावर लिहिताना ही नावं घ्यावीच लागतात. पोलादपूरच्या स्टँडवर मिसळ खाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.

प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, तो कड्यासारखा उभा राहतो. वरचा भाग बुडबुड्यांचा, पोकळ, तो लवकर झिजून सपाटी होते. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा वीत-हातभर लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजून दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा दगड कुजून, राख साठून जी माती झाली ती पुढच्या लाव्ह्याने भाजून काढली, कौलासारखी. घाटात रस्ता रुंद करताना हा पट्टा उघडा पडतो आणि लोक समजतात गेरू निघाला. पाणीही अशाच सांध्यांवर अडतं आणि झऱ्याने बाहेर येतं. गडावरच्या माच्या, धनगरवाड्या, झरे एका पातळीत का सापडतात याचं बरंचसं उत्तर या पट्ट्यांत आहे. महिपतगड-सुमारगडाकडे चढताना दमून आपण जिथे बसतो ती सपाटी बहुधा एका लाव्ह्याची पाठ असते.

कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधणं घेतली, तेव्हा साधारण ९३० मीटर बेसाल्ट गेल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. म्हणजे उतू गेलेल्या दुधाची जाडी तिथे जवळजवळ किलोमीटरभर, आणि डोंगरमाथ्यापर्यंतची उंची धरली तर आणखी. मूळ जमीन त्याखाली गाडली गेली ती गेलीच.

आता दादाच्या चढाईकडे येतो, कारण खरी गंमत तिथे जुळते.

पितों दे नेजचा पायथा म्हणजे सिलाओस, सुमारे बाराशे मीटरवरचं गाव. तिथे जायचा रस्ता चारशे वळणांचा म्हणून प्रसिद्ध आहे. दादाला आपला कुंभार्ली आठवला, फक्त वरंध्याची भर घालून. सिलाओस एका प्रचंड वाडग्याच्या तळाशी आहे. असे तीन वाडगे त्या शिखराभोवती आहेत, सिलाओस, माफात आणि सालाझी, तिपतीच्या पानासारखे. डोंगराच्या बाजू ढासळल्या आणि मग पावसाने त्या कोरत नेल्या, त्यातून हे झाले. पाऊस म्हणजे कसला? जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळात या बेटावर फॉक-फॉक नावाच्या ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. तो जागतिक विक्रम आहे. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा सांताक्रूझला ९४४ पडला होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट.

वाडग्यांचे कडे बघून दादाने फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "कोकणकडा!" चुकला नाही तो. आपलाही कडा लाव्ह्याने तसा बांधला नाही. समुद्राच्या बाजूची जमीन फाटून खचली, पाण्याने तो कडा पोखरत पोखरत पूर्वेला मागे नेला, आणि मागे हटताना जी पट्टी उघडी पडली तिच्यावर आपण आंबे लावले. लाव्हा हा फक्त दगड पुरवतो. डोंगराचा चेहरा घडवतो तो पाऊस, तिथेही आणि इथेही. फरक इतकाच की तिथे अजून कोरीवकाम तोंडावर आहे आणि इथे साडेसहा कोटी वर्षं झाली.

वाऱ्याचंही साम्य आहे. रियुनियनला वर्षभर पूर्व-आग्नेयेकडून वारे येतात, म्हणून पूर्वेची बाजू भिजते आणि पश्चिमेची कोरडी राहते. म्हणजे तिथलं कोकण पूर्वेला आणि देश पश्चिमेला. चढायचा हंगाम मे ते नोव्हेंबर, तिथला हिवाळा आणि कोरडा काळ. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

वाट सिलाओसच्या वर १,३८० मीटरच्या आसपास सुरू होते. आधी दाट, ओलं जंगल, मातीत लाकडी ओंडके बसवून केलेल्या पायऱ्या. दादाच्या मते पायऱ्या करणाऱ्याचे पाय सहा फूट लांब असावेत. पुढे झाडं खुजी होत जातात, मग नुसती झुडपं, आणि २,४७८ मीटरवर एक निवारा. आधी जागा राखून ठेवायची, एकावर एक पलंग, रात्री भात, टोमॅटोच्या रश्श्यातलं सॉसेज आणि मसूर. सिलाओसची मसूर त्या बेटावर नावाजलेली आहे. दादा म्हणतो, आमटीला फोडणी नव्हती पण दगडावर एवढी गोड मसूर पिकते हे मानलं. ज्वालामुखीची जमीन ती. बाजूच्या टेबलावर एक तमिळ आडनावाचा म्हातारा भेटला, एक शब्द तमिळ न येणारा. १८४८ ला गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी तिथे भारतातून मजूर नेले, त्यांचा वंश. बंदरातल्या टपऱ्यांवर समोसाही मिळतो, नावसुद्धा जवळजवळ तेच.

पहाटे साडेतीनला सगळे उठतात. डोक्याला टॉर्च, खडकावर रंगाच्या पांढऱ्या खुणा. त्यांच्यामागून मुंग्यांसारखी रांग. इथून वर माती नाहीच, पायाखाली लाल-काळी कोळशासारखी खडी कुरकुरते, दोन पावलं वर आणि एक खाली. दादा कोकणातला, थंडी त्याला ठाऊक नाही. दोन टी-शर्टवर बॉयलर सूट चढवून गेला होता, तरी दात वाजत होते. पहाटे तिथे पारा शून्याच्या आसपास उतरतो, उष्ण कटिबंधातलं बेट असलं तरी. तीन हजार मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळजवळ दुप्पट. काही जणांना दमही लागतो, डोकंही धरतं.

वर विवर नव्हतं. दादाची निराशा झाली. त्याला वाटलं होतं, वर गेल्यावर खाली वाकून बघायचं. एवढ्या वर्षांच्या झिजेत माथ्याची मूळ ठेवण कधीच मोडून गेलीय. पण सूर्य वर आला तेव्हा त्याने मागे वळून बघितलं, तर पश्चिमेला ढगांवर डोंगराची सावली पडली होती, अगदी त्रिकोणी, आणि ती हळूहळू आखडत होती. समोर आग्नेयेला दुसरा डोंगर, पितों द ला फुर्नेज, म्हणजे भट्टीचं शिखर. २,६३२ मीटरचा, जगातल्या सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक. खांबाची ताजी आच त्याच्याखाली आहे. कागद सरकतो तो असा, डोळ्यांसमोर.

त्या दुसऱ्या डोंगराची एक गोष्ट आमच्या वाडीत आता सगळ्यांना पाठ झालीय. १९७७ मध्ये त्याचा लाव्हा एका गावात शिरला, घरं जाळली आणि चर्चच्या दारात येऊन दुभंगला, दोन्ही बाजूंनी वाहून गेला. चर्च उभं राहिलं. आमचे गुरव म्हणाले, "ग्रामदेवता जागृत असणार." डोंगर जागृत आणि देवताही जागृत, म्हणजे सामना बरोबरीचा. त्या उद्रेकानंतर तिथे वेधशाळा उभारली गेली आणि आता डोंगर फुगला, थरथरला तरी आधी कळतं. २००७ ला लाव्ह्याने बेटाभोवतीचा हमरस्ता गिळला आणि समुद्रात नवी जमीन केली. रस्ता नंतर त्याच लाव्ह्यावरून पुन्हा बांधला. दादाचा खडबडीत दगड त्याच्या कडेचा. (असं काही उचलून आणू नये. मी त्याला सांगितलं, पण चार-पाच हजार किलोमीटरवर आल्यावर सांगून उपयोग काय.)

उतरताना गुडघे गेले ते गणपती विसर्जनापर्यंत जाग्यावर आले नव्हते. १,७०० मीटर उतार एका दिवसात, चेष्टा नाही.

राहिला सह्याद्री, झोपलेला की मेलेला. मेलेला. त्याच्याखालची चूलच राहिली नाही, ती ४,८०० किलोमीटरवर दुसऱ्याचा भात शिजवतेय. पण हे सांगितलं की लगेच दोन प्रश्न येतात आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिला, मग आपल्या उन्हाळ्यांचं, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं, काय? खेडच्या गावातच गरम पाण्याचं कुंड आहे, उन्हवऱ्याला पाणी सत्तर अंशांच्या घरात आहे, तिकडे आरवली, तुरळ, राजवाडी, वर पालीचं उन्हेरे, वज्रेश्वरी. पालघरपासून राजापुरापर्यंत एका ओळीत. ती ओळच उत्तर आहे. जमीन फाटली तेव्हाच्या खोल भेगा त्या ओळीने आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खूप खाली जातं. जमिनीत किलोमीटरमागे पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते, आपल्याकडे थोडी जास्तच. पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. त्याला ज्वालामुखी लागत नाही, पाऊस आणि भेग पुरते. सिलाओसच्या झऱ्यामागे मात्र खरा निखारा आहे, म्हणून त्यात खोलातून आलेला कार्बन डायऑक्साइड वायूही भरपूर.

दुसरा, कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्या आजीने पाळण्यातलं पोर घेऊन अंगणात उडी मारली होती आणि मरेपर्यंत ती म्हणायची, जमिनीतला ज्वालामुखी कूस बदलतो. कूस बदलते ती भेग, धरणाच्या पाण्याने दाब वाढलेली. लाव्ह्याचा त्यात हात नाही. आणि लोणारचं विवर? ते तर आकाशातून पडलेल्या उल्केने आपल्या दगडाला पाडलेलं भोक आहे. भारताचा खराखुरा जागृत ज्वालामुखी अंदमानात, बॅरन बेटावर. त्याची चूल निराळी, तिथे एक कवच दुसऱ्याखाली घुसतं.

हे सगळं मी दादाला गणपतीच्या पाच दिवसांत हप्त्याहप्त्याने सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे मी आपल्याच घरी जाऊन आलो?" चुलीचं म्हणाल तर हो.

दगड काही दिवस ओटीवर होते. विहिरीचा दगड पोरांनी क्रिकेटचा स्टंप म्हणून नेला. गोटा मी पुस्तकांवर ठेवलाय, अर्धी भरलेली भोकं वर करून. खडबडीत दगड गायब झाला तो दोन दिवस शोधत होतो. शेवटी न्हाणीत सापडला, बादलीशेजारी. आईने टाचा घासायला घेतला होता. म्हणाली, "बाजारातली वजरी दोन महिन्यांत गुळगुळीत होते, हा बघ कसा आहे." त्याच्या भोकांत आता साबण भरत चाललाय.